कॉमेंट्रींचा उसासा

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची गरज कुणाला पडत नसे. सोफे, खुर्च्या, मोटारींच्या सीटा, दातांच्या डॉक्टरची ती मागे कलणारी खुर्ची, बसायच्या कामी येणारं जे जे काही फाटतं ते हे गृहस्थ नवं करून देत. तरी वस्तीत त्यांची ओळख कामावरून नव्हती. सगळे त्यांना कॉमेंट्री म्हणत. कारण उघड होतं. माणूस गप्प बसत नसे.

गोणपाट ताणून लाकडी चौकटीला ठोकताना ते बारीक खिळे ओठांत धरत, आणि त्याच ओठांनी शनिवारच्या फुटबॉल सामन्याचं वर्णनही करत. दुकानात आलेलं माणूस घाबरायचं. "अहो, एखादा गिळलात तर?"

"गिळला तर पोटातली बैठक पक्की होईल," असं म्हणून ते पुन्हा दुसऱ्या गोलकडे वळायचे.

आमच्या क्लबाचे दोन संघ. थोरला संघ मोठ्या मैदानावर खेळे, तिथे तिकीट, दिवे, लाउडस्पीकर असा सगळा थाट. धाकटा संघ, म्हणजे अजून मिसरूड न फुटलेली पोरं, शनिवारी सकाळी मागच्या मैदानावर खेळत. त्या मैदानाला लोखंडी नळ्यांचं कुंपण होतं. वरच्या नळीचा रंग एका टप्प्यात पार उडालेला होता, कारण तिथे आम्ही वर्षानुवर्षं कोपरं टेकत आलो होतो. कॉमेंट्री, चौकातले औषधवाले, कॉमेंट्रींच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि मी. हा मेहुणा बस चालवायचा, आणि बसमधला हॉर्न तो घरीही घेऊन येतो असं त्याची बहीणच म्हणायची. औषधवाले याच्या उलट. गोळ्या मोजून द्याव्यात तसे शब्द मोजून द्यायचे.

वाद एकच, दर हंगामाला नवे कपडे घालून यायचा. क्लब पोरं घडवतो आणि घडली की दुसऱ्याला देऊन टाकतो. कॉमेंट्रींचा त्यावर ठरलेला संताप होता.

"हा क्लब नाही, रोपवाटिका आहे रोपवाटिका! पाणी आपण घालायचं, खत आपण घालायचं, आणि फळं लागायची दुसऱ्याच्या अंगणात. वाढवलेलं पोर राखता येत नाही, तो क्लब कसला?"

"आणि बदल्यात काय आणतात?" मेहुणा तेल ओतायचा. "गुडघे संपलेला एखादा म्हातारा. दाजी, तुमच्याकडे येतो ना तसला सोफा. वरून कव्हर झकास आणि आत स्प्रिंग नाही."

"स्प्रिंग बदलता येते," औषधवाले म्हणायचे. "कोच बदलून बघा."

कोच कुणीही असो, तो चुकतच असे. तो पोरांना पळवून पळवून दमवतो, नाहीतर मुळीच पळवत नाही. डाव्या पायाच्या पोराला उजवीकडे खेळवतो. निवड करणारी मंडळी गावोगाव फिरतात आणि घराशेजारचं रत्न त्यांना दिसत नाही. अशा चर्चेत कॉमेंट्री इतके रंगायचे की समोरचा सामना संपून पोरं आंघोळीला गेलेली असायची.

कुंपणाचा एक नियम होता, आणि तो कॉमेंट्रींनीच घातलेला. पूर्वी एका गोलकीपरचा मामा आमच्यात उभा राहायचा. भाच्यानं चेंडू सोडला की मामा म्हणे डिफेन्सची चूक, पुन्हा सोडला की म्हणे सूर्य डोळ्यांवर आला. एकदा आभाळ भरलेलं असतानाही सूर्यच आला. शेवटी कॉमेंट्रींनी जाहीर केलं, "आजपासून ठरलं. ज्याचं माणूस आत, त्याचं तोंड बंद. उभं राहा, बघा, चहा प्या. पण खेळाडू, कोच, निवड, यांवर चकार शब्द काढायचा नाही." मामा रागावून यायचे बंद झाले. नियम मात्र राहिला आणि सगळ्यांना पटलाही, कारण तोवर आमच्यापैकी कुणाचंच माणूस आत नव्हतं.

मग कॉमेंट्रींची मुलगी आत गेली.

ही पोर लहानपणापासून बापाच्या डाव्या हाताला असायची. दुकानात अर्ध्या शिवलेल्या सोफ्यावर बसून पाटी गिरवायची, शनिवारी कुंपणाच्या खालच्या नळीवर उभी राहून वरच्या नळीवर हनुवटी टेकवायची. बाप तिला बघायला शिकवायचा. "चेंडूकडे सगळं गाव बघतं. तू बाकीच्यांकडे बघ. सांग, आत्ता मोकळं कोण आहे?" ती सांगायची. मग वाद सुरू. ती आठ-दहा वर्षांची झाल्यावर वाद बरोबरीचे व्हायला लागले, आणि पुढे पुढे तर कॉमेंट्री हरायला लागले. हरल्यावर ते आमच्याकडे वळून असे बघायचे, जसं काही स्वतःच गोल केलाय. मी शाळेत शिकवायचो, माझ्याच वर्गात होती ती. उत्तर देणाऱ्याकडे तिचं लक्ष नसे. उत्तर येत असून हात वर न करणाऱ्याकडे असे. हे तिनं कुठून उचललं ते मला कुंपणापाशी उभं राहिल्यावर कळलं.

शिक्षण संपवून ती क्लबाच्या निवड विभागात लागली. धाकट्या संघासाठी पोरं शोधायची, त्यांचे सामने पाहायचे, कोणाला वर चढवायचं आणि कोणाला थांबवायचं यावर मत द्यायचं. ज्या दिवशी ती कामावर रुजू झाली, त्या दिवशी कॉमेंट्रींनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला बिस्किटं वाटली. गादीची खोळ शिवून घ्यायला आलेल्या बाईंनाही, ज्यांना फुटबॉल म्हणजे काय तेही नीट ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी ते कुंपणापाशी आले, तोंड उघडलं आणि मेहुण्यानं बोट वर केलं.

"दाजी. माणूस आत."

"अरे, मी फक्त म्हणत होतो की तो आठ नंबर..."

"माणूस आत, दाजी. नियम कुणाचा?"

कॉमेंट्रींनी तोंड मिटलं. आम्हाला वाटलं, एक-दोन आठवडे चालेल ही गंमत. पण ते नियमाला जागले. हंगामामागून हंगाम ते आमच्यात उभे राहिले आणि बोलले नाहीत. घशात शब्द येऊन अडायचे ते आम्हाला दिसायचे. कोपर नळीवर घासायचं, पायानं माती उकरली जायची, कपाळावरची शीर फुगायची. चहा मात्र ते भराभर प्यायचे, कारण तोंडाला काहीतरी काम हवं.

खरं दुःख कुंपणापाशी नव्हतं, घरी होतं. क्लबातली गोष्ट बाहेर काढायची नाही ही तिच्या नोकरीची अट होती, आणि मुलगी बापासारखीच शब्दाला पक्की. जेवताना दोघं समोरासमोर बसत. आयुष्यभर ज्यांच्यात बोलायला एकच विषय होता, त्यांनी आता बोलायचं काय? नळ गळतोय. आज गार आहे. भाजीत मीठ कमी आहे का? कॉमेंट्रींची बायको एकदा माझ्या पत्नीला म्हणाली, "आधी दोघं भांडायची तेव्हा मला डोकं दुखायचं. आता एवढी शांतता असते की मी मुद्दाम भांडी आपटते."

मैदानावर मुलगी पलीकडच्या बाजूला, कोचच्या बाकामागे उभी असायची. डोक्यावर क्लबाची टोपी. ती कुंपणाकडे बघत नसे, बघायचं नसे. कॉमेंट्री सामना बघत आणि मधूनच त्यांची नजर पलीकडे जाई. ती कुणाकडे बघतेय हे ते बघत. आणि मग, काहीही न बोलता, ते आपल्या डाव्या हाताकडची जागा थोडी मोकळी सोडत. कुणी तिथे उभं राहायला आलं तर म्हणत, "इकडे या ना उजवीकडे, इकडून बरं दिसतं." इकडून काही बरं दिसत नव्हतं. इकडून मधे खांब होता.

त्या वर्षी आमच्या डोळ्यांत एक पोरगा भरला होता. डाव्या पायानं असा मारायचा की चेंडूला आधी सांगून ठेवलंय असं वाटावं. आम्ही त्याला डावऱ्या म्हणायचो. नव्या कोचनं त्याला उजव्या बाजूला टाकला होता, आणि थोरल्या संघात त्याच्या जागेवर बाहेरून एक तिशी उलटलेला गडी आणला होता. कुंपण पेटायला एवढं पुरेसं होतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मुलगी जेवताना म्हणाली, "बाबा, मला दुसऱ्या क्लबाकडून विचारणा आलीय." नाव सांगितलं. मोठा क्लब, खूप लांबचं शहर. गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं नाही. "त्यांचा सगळा निवड विभाग माझ्याकडे देणार म्हणतात. काय करू? तुम्ही सांगा."

कॉमेंट्री म्हणाले, "जरा मीठ दे."

तिनं मीठ दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा ते नळाचा वायसर आणायला बाहेर पडले. तिला बापाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यांच्या तोंडून ते निघत नव्हतं. जा म्हणावं तर आत काहीतरी तुटत होतं. थांब म्हणावं तर कुठल्या तोंडानं म्हणावं? हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी आम्हाला कुणालाच याचा पत्ता नव्हता.

आला शनिवार. डावऱ्यानं उजवीकडून खेळूनही एक गोल केला आणि मेहुणा नळीवर मूठ आपटून ओरडला, "हा पोरगा थोरल्या संघात नको म्हणे? कोचला चष्मा द्या कुणीतरी!"

"मी चष्मे विकत नाही," औषधवाले म्हणाले. मग जरा थांबून, "ऐकलंय की मोठा क्लब त्याच्यावर डोळा ठेवून आहे."

"ठेवू दे डोळा! सोडायचा नाही."

"का नाही सोडायचा? इथे त्याला शिकवायला उरलंय काय? चांगल्या पोराला घरात कोंडून ठेवून त्याचं भलं होतं का? पुढे जाईल, नाव काढेल. आपण काय, कुंपणाला टेकून उभे. इथूनही टाळ्या वाजवता येतात."

औषधवाले एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. मेहुणा उत्तर जुळवत होता, तेवढ्यात कॉमेंट्रींनी उसासा टाकला. साधा नव्हे. पोटातून आलेला, लांब. त्यांनी तोंड फिरवलं, डोळे पुसले, चहाचा अर्धा कप नळीच्या बुंध्याशी ओतला आणि ते निघून गेले. मध्यंतरही झालं नव्हतं. शिट्टी व्हायच्या आधी हा माणूस मैदान सोडून गेल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं.



"गेला," मेहुणा पडलेल्या आवाजात म्हणाला.

"कोण?"

"डावऱ्या. विकला त्याला. दाजींना घरातनं कळलंय. बोलता येत नाही म्हणून..."

आता लिहिताना हसू येतं, पण त्या क्षणी आम्हाला ते अगदी सरळ वाटलं. जो माणूस इतकी वर्षं बोलला नाही, त्याच्या उसाशाला आम्ही बातमी धरलं. मेहुण्यानं ती बसमध्ये घातली. बसमधून ती सगळ्या थांब्यांवर उतरली. सोमवारी क्लबाच्या फाटकाला चादरीवर रंगवलेला फलक लटकत होता, 'डावऱ्याला हात लावू नका', आणि डावऱ्याची आई ऑफिसात जाऊन रडत विचारत होती की माझ्या मुलाचं तुम्ही मला न सांगता काय ठरवलंत? ऑफिसात प्रश्न आला, बातमी फुटली कुठून? आणि जिचा बाप कुंपणापाशी उभा राहतो अशी व्यक्ती त्या विभागात एकच होती.

ती तडक दुकानात आली. कॉमेंट्री एका आरामखुर्चीला रेक्झिन चढवत होते, ओठांत खिळे.

"बाबा, शनिवारी तुम्ही काय बोललात?"

त्यांनी मान हलवली. काही नाही.

"काहीतरी बोललात. मामा सगळ्यांना सांगतोय की तुमच्याकडून कळलं."

त्यांनी एकेक खिळा काढून तळहातावर घेतला. "अगं, मी तोंड उघडलेलं नाही. तुझ्या मामाला विचार. मी फक्त उसासा टाकला."

"उसासा?"

"हो."

"म्हणजे मी साहेबांना जाऊन सांगू, की माझ्या वडिलांनी उसासा टाकला?" तिला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच थांबलं. "कशाबद्दल टाकलात?"

कॉमेंट्री तळहातावरचे खिळे न्याहाळत राहिले. ती खुर्चीच्या उघड्या चौकटीवर टेकली आणि हळूच म्हणाली, "मला सांगायचंत ना. मी विचारत होते."

"साहेबांकडे मी येतो," ते उठले. "आणि आधी त्या चादरवाल्यांकडे."

संध्याकाळचा सराव चालू होता. कुंपणापाशी शनिवारपेक्षा जास्त माणसं जमली होती, मेहुणा मधोमध. दुकानाचा एप्रन तसाच अंगावर ठेवून कॉमेंट्री आले. मुलगी त्यांच्या मागे. त्यांनी नळीवर हात ठेवला आणि आपला नियम आपणच मोडला.

"ऐका. डावऱ्याचं काय होणार ते मला ठाऊक नाही. तो राहतो की जातो, उजवीकडे खेळतो की छपरावर, मला घरात कुणी काही सांगत नाही. मी त्याच्यासाठी उसासा टाकला नव्हता."

"मग कुणासाठी, दाजी?"

"माझी मुलगी चाललीय. मोठ्या क्लबात. लांब आहे." एवढं बोलून त्यांनी घसा साफ केला. "सगळा विभाग तिच्या हाताखाली देतायत."

मेहुणा म्हणाला, आणि त्याचा हॉर्न त्या दिवशी वाजलाच नाही, "दाजी, तुम्हीच म्हणायचात ना, वाढवलेलं पोर राखता येत नाही तो क्लब कसला?"

"ते क्लबाला म्हणायचो. मी काय क्लब आहे?"

मागून मुलीचा आवाज आला. "बाबा, मी त्यांना अजून हो कळवलेलं नाही."

कॉमेंट्री वळले नाहीत. "मग कळव," ते म्हणाले. "आता चारचौघांत सांगून बसलोय. माझं हसं करू नकोस."

त्यांना मोठ्यानं रडू येईल की काय या भीतीनं औषधवाल्यांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी मुकाट्यानं तोंडात टाकली. ऑफिसात पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. साहेबांनी उसाशाची हकीकत दोनदा ऐकून घेतली, डावऱ्याच्या आईला कॉफी पाजली, आणि मुलीला म्हणाले की यापुढे तुमच्या वडिलांनी श्वासही जपून घ्यावा. आणखी काही झालं नाही. चादर उतरली.

मुलीनं होकार कळवला. तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवारी होता. टोपी, ओळखपत्र, कपाटाची किल्ली, सगळं तिनं परत केलं. सोमवारी तिला निघायचं होतं. मधे शनिवार होता.

तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. धुकं होतं, पलीकडचा गोल नीट दिसत नव्हता. कॉमेंट्री नेहमीपेक्षा लवकर येऊन उभे होते. ती आली आणि सरळ येऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिली. आता हनुवटी नळीवर टेकवायला तिला वाकावं लागत होतं. सुरुवातीला दोघंही बोलेनात. इतक्या दिवसांची सवय. आम्ही तिघंही धुक्यात काहीतरी फार महत्त्वाचं दिसतंय असा चेहरा करून समोर बघत राहिलो.

मग डावऱ्याला चेंडू मिळाला, त्यानं दोघांना चुकवलं आणि तिसऱ्यापाशी गमावला.

"थोरल्या संघात आजच घालायला हवा याला," कॉमेंट्री कुणाला उद्देशून नाही असं पुटपुटले.

"छे," ती म्हणाली.

"छे म्हणजे?"

"अजून वर्षभर नको. चेंडू गेल्यावर तो उभा राहून हळहळतो, बघा. मागे धावत नाही."

"अगं, गोल करणाऱ्यानं मागे धावायचं? मग डिफेन्सवाल्यांनी काय, खुर्च्या टाकून बसायचं?"

"तुमच्या काळात बसत असतील."

"माझ्या काळात! ऐकलंत का?" ते आमच्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "आणि मग कोचनं त्याला उजवीकडे टाकला, तेही बरोबर?"

"मीच सुचवलं होतं ते."

"तू?"

पुढे जे सुरू झालं त्यात आम्हाला मधे बोलायला फट मिळाली नाही. मेहुण्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बहिणीच्या घरातल्या या दोन माणसांनी त्याला हातानंच थोपवलं. बाहेरून आणलेला गडी, कोचची पद्धत, कुणाला लवकर वर चढवलं आणि कुणाला उशिरा. तिला जे अजूनही सांगता येत नव्हतं ते ती गाळत होती, आणि गाळलेलं कॉमेंट्री ओळखून पुढे जात होते. एकदा तर ते चिडून चार पावलं लांब गेले आणि परत आले.

सामना संपला. आपण हरलो होतो बहुधा. पोरं गेली, जाळी उतरवणारी माणसंही गेली. औषधवाल्यांना दुकान उघडायचं होतं, मेहुण्याची बस होती. मी निघताना मागे वळून पाहिलं तर बाप आणि मुलगी तिथेच होती. तिच्या हातात थर्मास होता. तिनं त्याचं झाकण घट्ट फिरवलं.

"बाबा, निघू या ना. आई वाट बघतेय. सामान भरायचंय."

"हो हो, निघू," कॉमेंट्री म्हणाले आणि हलले नाहीत. "पण मगाशी तू म्हणालीस ना, दुसरा गोल खाल्ला त्यात चूक डिफेन्सची नाही, त्याच्या आधी मधल्या पोराची होती. ते काही माझ्या ध्यानात आलं नाही. जरा परत सांग."

तिनं थर्मास खाली ठेवला, रिकाम्या मैदानाकडे बोट केलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांच्या ध्यानात ते पहिल्याच वेळी आलं होतं. तिनं मगाशी सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो, मान डोलावताना मी त्यांना पाहिलं होतं.